काडेपेटीवरचा वाघ

"हा माझा वाघ नाही," संघमित्रा म्हणाली.

खोलीतल्या बाकी तिघांनी वाकून वाघाकडे पाहिलं. वाघ नेहमीसारखा चंद्रकोरीवर बसून बशीतून चहा पीत होता. शेपटी खाली लोंबत होती, मिशा चहात बुडल्या होत्या आणि तोंडावर भाव असा, की साखर कोणीतरी विसरलंय.

"तोच तर आहे," नौमान म्हणाला. "दुसरा कुठला वाघ चंद्रावर चहा प्यायला जाणार? तिकडे दूध मिळतं का?"

हा वाघ म्हणजे एक छाप. काडेपेटीच्या पाठीवर चिकटवलेलं चित्र असतं ना, तो. ती काडेपेटी बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. पण असले छाप जमवायचं वेड संघमित्राला तिसरीत लागलं आणि सातवीची परीक्षा झाली तरी सुटलं नव्हतं. काडेपेट्यांचे छाप, साबणाची जुनी वेष्टणं, गोटी सोड्याच्या बाटल्यांवरची लेबलं, बंद पडलेल्या टॉकीजची गुलाबी हँडबिलं... तुर्भ्याच्या भंगारवाल्यांकडे लोक लोखंड घेऊन जातात, ही मुलगी तिथून कागद घेऊन यायची. तिच्या नादाने समोरच्या फ्लॅटमधली आरिफा आणि तिचा धाकटा भाऊ नौमानही बिघडले. आणि दर मे महिन्यात महाडहून येणारा मामेभाऊ रोहन तर येतानाच दप्तरात बिडी बंडलांचे कागद भरून आणायचा. चौघांचा एकच कायदा होता: अदलाबदल एकास एक. तू मला पैलवान दे, मी तुला कंदील देतो. फुकट घ्यायचं नाही, न विचारता तर मुळीच नाही.

आता संघमित्राच्या रागाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे तो बराच लागणार आहे. सीवूड्समधल्या त्यांच्या सोसायटीत तो राग पाण्याच्या टाकीइतका प्रसिद्ध होता. मागे एकदा तिला राग आला, तेव्हा गच्चीत घातलेले पापड मुदतीआधीच कडकडीत वाळले आणि तळमजल्यावरचा पोपट दोन दिवस संस्कृत बोलत होता. पापडांचं नौमानने स्वतः पाहिलंय. पोपटाचं ऐकीव आहे.

त्या दिवशी मात्र ती अगदी हळू बोलत होती, आणि तेच वाईट लक्षण होतं.

"बोट फिरव," ती रोहनला म्हणाली.

रोहनने वाघावरून बोट फिरवलं. वाघाच्या बरोबर पोटातून एक घडी गेली होती. ती घडी सिताराम आजोबांची. तरुणपणी ते महाडजवळच्या गावातून तुर्भ्याला कामाला आले, पहिल्या संध्याकाळी स्टो पेटवून भात केला, तो याच पेटीतल्या काडीने. पेटी संपली तेव्हा त्यांनी छाप सोडवून घेतला, दुमडला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुढे सदरे बदलत गेले, छाप तोच राहिला. वर्षानुवर्षं दुमडलेला कागद तो. बोट फिरवलं की रस्त्यावरच्या गतिरोधकासारखा मधोमध धक्का बसायचा. आजोबा आता नव्हते. घडी होती.

"लागत नाही," रोहन म्हणाला. त्याने पुन्हा बोट फिरवलं. "घडी दिसते, पण लागत नाही."

"कारण ती घडी नाही. घडीचा फोटो आहे. घडी छापलीये त्यांनी."

मग सगळा अल्बम जमिनीवर आला आणि एकेक छाप प्लॅस्टिकच्या कप्प्यातून बाहेर निघाला. सायकलवाल्या बाईच्या छापाचा कोपरा आरिफाच्या मांजरीने कुरतडला होता. आता कोपरा शाबूत होता आणि त्यावर कुरतडल्याचं चित्र होतं. कंदील छापावरचा गोंदाचा डाग होता, पण चिकटपणा नव्हता. आरिफाने भिंग लावलं. जुन्या छापात रंग सलग असतात, शिवाय थोडे सरकलेले. वाघाचा पिवळा रंग नेहमी त्याच्या कानाबाहेर सांडलेला असायचा. या कागदांवर भिंगातून बारीक बारीक ठिपके दिसत होते, रांगोळी घालण्याआधी काढतात तसे.

"सगळे?" नौमानने विचारलं.

"सगळे," आरिफा म्हणाली.

अल्बम घराबाहेर गेला होता तो एकदाच. महाराष्ट्र दिनाला सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मुलांच्या संग्रहांचं प्रदर्शन होतं. सेक्रेटरी चंद्रशेखर काका स्वतः घरी येऊन अल्बम घेऊन गेले, प्रदर्शन संपल्यावरही आठवडाभर 'आणतो, आणतो' करत राहिले, आणि काल परत देऊन गेले. तेव्हा चौघंही तडक खाली सोसायटीच्या ऑफिसात गेले.

चंद्रशेखर काका पंख्याखाली बसून नो पार्किंगच्या पाट्यांवरून कोणाशी तरी फोनवर वाद घालत होते. संघमित्राने फोन संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग सांगितलं, की अल्बममधले छाप माझे नाहीत. बस, एवढंच. काका आधी हसले. मग त्यांनी बाळ, बेटा वगैरे सुरू केलं.

"अगं, काडेपेटीची कागदं ती. हिरे आहेत का? अल्बम भरलेला नेला, भरलेला दिला. एक तरी कप्पा रिकामा आहे?"

"कप्पे भरलेले आहेत. छाप माझे नाहीत."

"चित्रं तीच आहेत ना? मग ओरिजिनल काय न् कॉपी काय, कोणाला फरक कळणार आहे? जा, खेळा. सुट्टी आहे. उन्हात जाऊ नका."

बाहेर आल्यावर नौमान काकांची नक्कल करायला लागला, पण आरिफाने त्याचा दंड धरला.

"तू कॉपी शब्द वापरलास, मित्रा?"

"नाही."

"मी पण नाही. रोहन-नौमानने तोंडच उघडलं नाही. मग काकांना कसं समजलं कॉपी आहे म्हणून?"

चौघं जिन्यात थांबले. संघमित्राच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चोरीचा राग एक असतो. चोरून वर 'तुला काय कळतंय' म्हटल्याचा राग वेगळा असतो.

संध्याकाळी तिची आई, राजश्री, बेलापूरच्या ऑफिसातून परत आली. दिवसभर लोकांच्या तक्रारी नोंदवून ती दमली होती, हातात भाजीची पिशवी होती आणि कपाळावर उन्हाची आठी. संघमित्राने सांगितलं. आईने भाजी निवडत ऐकलं आणि म्हणाली की चंद्रशेखर भाऊजी सेक्रेटरी माणूस, ते कशाला असलं करतील? प्लॅस्टिकमधून काढघाल केल्यावर कागद गुळगुळीत होत असतील. तुझी कागदं तुझ्याकडे आहेत ना? मग झालं तर.

"तू बघ तरी," संघमित्रा म्हणाली.

"उद्या बघते, बाळा."

त्या रात्री संघमित्रा जेवली नाही. आई म्हणते की जेवली, पण ताटातला भात रोहनने खाल्ला होता, आणि रोहन सांगतो ते खरंच असतं. त्याचं कारण पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरिफा धावत आली. हातात तिच्या अम्मीचा मोबाइल. सोसायटीच्या ग्रुपवर चंद्रशेखर काकांनी आमंत्रण टाकलं होतं: माझा भाचा अभय याच्या नव्या कॅफेचं उद्या संध्याकाळी उद्घाटन, स्टेशनपलीकडच्या गल्लीत, सर्वांनी सहकुटुंब यावं. वैशिष्ट्य काय, तर अस्सल जुन्या छापांनी मढवलेली टेबलं. खाली फोटो होता. एक गोल टेबल, वर काचेसारखा चकचकीत थर, आणि त्या थराखाली मधोमध चंद्रकोरीवरचा वाघ. पोटात घडी.

फोटोखाली लिहिलं होतं, 'सॅम्पल टेबल तयार. बाकीची आज दुपारी सील होणार.'

"सील म्हणजे?" रोहनने विचारलं.

आरिफाला ठाऊक होतं. तिच्या मामांच्या फर्निचरच्या दुकानात ते काम चालायचं. रेझिन नावाचा दाट पाक असतो. तो टेबलावर ओततात, तो वाळतो आणि दगडासारखा घट्ट होतो. मग खालची वस्तू दिसते, पण बाहेर कधीच निघत नाही. हातोडी मारली तर कागदासकट फुटते.

वाघ गेला होता.

संघमित्राने आईला फोन लावला. आईच्या ऑफिसात सुनावणी चालली होती; ती तोंडावर हात धरून बोलत असावी. तिने सांगितलं की संध्याकाळी मी स्वतः भाऊजींशी बोलते, तोवर कोणाच्या दारात जाऊन आरडाओरडा करायचा नाही. समजलं? संघमित्रा म्हणाली, समजलं. आणि तिला खरंच समजलं होतं. आईने आरडाओरड्याला मनाई केली होती. बाकी काय काय करायचं नाही, ते आईने सांगितलं नव्हतं.

"पोलिसांत जाऊ," नौमान म्हणाला.

"आणि काय सांगशील? साहेब, आमचा वाघ पळवला? आधी तुलाच आत टाकतील."

"मग रात्री कुलूप तोडू."

"दुपारी ओतणार आहेत, येड्या. रात्री काय टेबल चाटायला जायचं?" आरिफा अल्बम चाळत होती. चाळता चाळता थांबली. "काका काय बोलले? कोणाला फरक कळणार आहे. बरोबर? मग ठीक आहे ना. त्यांची कागदं त्यांना देऊ, आपली आपण घेऊ."

"एकास एक," संघमित्रा म्हणाली. काल दुपारनंतर पहिल्यांदाच तिचे डोळे चमकले. हसली मात्र नाही.

अडचण एकच होती: रोहन. रोहनला खोटं बोलता येत नसे. शाळेत उशीर झाला की बाकीची मुलं बस चुकली म्हणायची, हा म्हणायचा, अंथरुणात लोळत होतो. महाडमध्ये एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, बाळा, आम्हाला बघून आनंद झाला का? त्यावर त्याने जे सांगितलं, त्यामुळे ते पाहुणे अजून महाडच्या अलीकडच्या स्टॉपवरच उतरतात. म्हणून निघताना आरिफाने त्याच्या तोंडात शेंगदाण्याच्या चिक्कीची अख्खी वडी कोंबली. "संपवायची नाही. चघळत राहायचं."

कॅफेत रंगाचा वास येत होता. अभय तिशीतला, केसांचा अंबाडा बांधलेला, एका हातात मोबाइल धरून स्वतःशीच हसत व्हिडिओ काढत होता. टेबलं उघडी पडली होती. एका स्टीलच्या परातीत छाप ओतले होते. ओतले होते, हो, पोह्यांसारखे. ते पाहून संघमित्राने आरिफाचा हात इतका घट्ट धरला, की आरिफाच्या बांगडीचा ठसा दोघींच्या मनगटांवर उमटला.

छाप मांडणारी मुलगी आलीच नाही आणि तीन वाजता रेझिनवाला येणार, असं अभय फोनवर कोणाला तरी रडकुंडीला येऊन सांगत होता. आरिफाने संधी साधली. दादा, आम्ही लावून देऊ का? सुट्टी आहे, घरी बोअर होतंय. तुम्ही बस उद्घाटनाला आईस्क्रीम द्या. अभय त्यांना ओळखत नव्हता; त्याला ही चार पोरं देवाने पाठवल्यासारखी वाटली. त्याने गोंदाची बाटली दिली आणि बजावलं की थेंबभरच लावायचा, कडा दुमडू द्यायच्या नाहीत.

"फार किमती माल आहे हा. माझं स्वतःचं कलेक्शन. लहानपणापासून जमवतोय."

नौमान शपथेवर सांगतो की त्या क्षणी गोंदाच्या बाटलीचं झाकण कोणीही हात न लावता उडालं आणि छताला चिकटलं. संघमित्राचा आवाज मात्र मधासारखा होता.

"दादा, या सायकलवाल्या बाईचा कोपरा कोणी खाल्ला?"

"हां, ते ना, उंदराने. आमच्या गावच्या घरी फार उंदीर."

"माझ्या मांजरीला उंदीर बोलतोय," आरिफा दातांमधून पुटपुटली.

मग काम सुरू झालं. नौमानने अभयला कॉफीच्या यंत्रापाशी नेलं आणि हे बटण कशाचं, ती नळी कशाची, वाफ उलटी आली तर माणूस उडतो का, असं विचारत त्याच्याकडून व्हिडिओवर व्हिडिओ करून घेतले. इकडे संघमित्रा आणि आरिफा टेबलांवर वाकल्या. परातीतला खरा छाप दप्तरातल्या अल्बममध्ये, अल्बममधली कॉपी टेबलावर. पैलवानाच्या जागी पैलवान, कंदिलाच्या जागी कंदील. कॉपीला गोंद लावताना संघमित्राने जरा जास्तच लावला. रोहन मध्ये उभा राहून आडोसा करत होता. एकदा अभयने येऊन त्याचे गाल ओढले आणि विचारलं, काय रे छोट्या, कसं वाटतंय माझं कॅफे? रोहनने चिक्की चघळत ठाम नकारार्थी मान हलवली. अभयला वाटलं, पोराला मराठी कळत नसावी.

परात रिकामी झाली. उरलं शेवटचं टेबल. त्यावर अभयने सकाळी हौसेने स्वतःच काही छाप लावून ठेवले होते आणि गोंद वाळला होता. ओढले असते तर फाटले असते. छाप जमवणाऱ्यांना मात्र चिकटलेल्या कागदाची भीती नसते. पेटीवरून छाप सोडवायचा तर ओलं फडकं वर ठेवायचं, घाई करायची नाही, गोंद आपण होऊन हात सोडतो. संघमित्राने रुमाल भिजवून पसरला. एक सुटला. दुसरा सुटला. तिसरा सुटत होता आणि दारात रेझिनवाला उभा राहिला, दोन्ही हातांत डबे.

तो उशीर झालाय म्हणत थेट त्याच टेबलाकडे आला. डब्याचं झाकण उघडलं. अभय कॉफीयंत्रामागून ओरडला, ओता ओता. संघमित्राचा हात रुमालावर तसाच होता आणि रुमालाखाली बैलगाडी छाप अर्धा सुटलेला.

तेवढ्यात रोहनची चिक्की संपली.

"काका, थांबा," तो म्हणाला. "ते टेबल ओलं आहे."

अगदी खरं होतं ते. रेझिनवाल्याने हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. ओल्यावर ओतलं की पाक पांढरा पडतो, सगळं काम वाया. त्याने अभयला चांगलं झापलं, बाकीच्या टेबलांकडे वळला, आणि हे टेबल वाळेपर्यंत बैलगाडी कधी घरी गेली ते कोणाला कळलंही नाही.

निघताना संघमित्रा सॅम्पल टेबलापाशी गेली. थंडगार थरावर तिने तळहात ठेवला. खाली वाघ होता, तिचा, आजोबांचा, आणि तो चहा पीत होता. ती रडली नाही. तिने दात आवळले आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

संध्याकाळी आई आली तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर भिंग ठेवलेलं होतं आणि त्याच्याशेजारी अल्बममध्ये उरलेली एकच कॉपी: वाघाची. तिचा खरा जोडीदार बाहेर येऊ शकला नव्हता, म्हणून तीही तिथेच राहिली होती. आईने हात पुसले, कागद उचलला आणि घडीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. सिताराम आजोबा तिचे वडील होते. लहानपणी ताप आला की ते खिशातून हा वाघ काढून तिच्या उशाशी ठेवायचे.

"हे भाऊजींनी केलं?"

मुलांनी सगळं सांगितलं. अदलाबदलीसकट. संघमित्राला वाटलं होतं, आई रागावेल. आई रागावलीच, पण तो राग कोणाकडे तोंड करून होता ते दिसत होतं, आणि संघमित्राला तिचा राग कुठून मिळाला हेही त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं. ओट्यावरचं दूध न तापवता उतू गेलं.

"मी आत्ता जाऊन—" आई म्हणाली.

"नको. उद्या," संघमित्रा म्हणाली. "सगळ्यांसमोर ते म्हणू देत, अस्सल आहे म्हणून."

उद्घाटनाला अर्धी सोसायटी लोटली. सामोसे होते, फुगे होते, माइक होता. चंद्रशेखर काका सफारी घालून दारात प्रत्येकाशी हात मिळवत होते. अभयने माइकवर सांगितलं की इथला एकेक छाप अस्सल आहे, पूर्वीच्या काळचा आहे, असं कलेक्शन नवी मुंबईत दुसरीकडे बघायला मिळणार नाही. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या तेव्हा संघमित्राने हात वर केला.

"भिंगातून बघू का, दादा?"

"बघ की, जरूर बघ."

तिने भिंग सत्यभामाबाईंच्या हातात दिलं. त्या सोसायटीतल्या सगळ्यात वयस्कर, चाळीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि तोंडावर खरं बोलतात म्हणून सगळ्यांनी भीती बाळगावी अशा. त्या टेबलावर वाकल्या. दुसऱ्या टेबलावर वाकल्या. मग सरळ झाल्या.

"अभय, हे प्रिंटरवरचे प्रिंट आहेत. नुसते ठिपके ठिपके. जुना फक्त तो मधला वाघ दिसतोय."

कॅफेत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, अस्सल नक्कल. अभयचा चेहरा लाल झाला. तो बाईंच्या हातातून भिंग घेऊन स्वतः पाहायला लागला. एक टेबल, दुसरं टेबल. भिंगाखाली ठिपके, ठिपके, ठिपके. संघमित्राने अल्बम उघडून पुढे धरला आणि पैलवानाची चुरगळलेली कड, मांजरीने कुरतडलेला खराखुरा कोपरा सगळ्यांना दाखवला.

"मग हे काय आहे?" तिने विचारलं.

"शक्यच नाही," अभय ओरडला. "कॉपी तर अल्बममध्ये घातल्या होत्या. मामा, तुम्हीच घातल्यात ना कॉपी हिच्या अल्बममध्ये?"

माइक चालू होता. हे वाक्य कॅफेत, कॅफेबाहेरच्या फुटपाथवर आणि समोरच्या मेडिकलमध्येही नीट ऐकू गेलं. हशा थांबला. सोसायटीच्या सगळ्या माना एकाच वेळी चंद्रशेखर काकांकडे वळल्या.

काकांनी सामोसा खाली ठेवला. घाम पुसला. मग ते गर्दीतून वाट काढत राजश्रीकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले की वहिनी, सॉरी हां, पोराचा नवीन धंदा, म्हटलं लहान मुलांची कागदं आहेत, चित्रं दिसली की मुलं खूश, वाईट हेतू नव्हता.

"माझी माफी का मागता, भाऊजी?" आई म्हणाली. "अल्बम माझा आहे का?"

काकांनी रुमाल खिशात कोंबला.

"मीही हिचं ऐकलं नाही. तुमच्यावर विश्वास ठेवला आणि हिच्यावर नाही. म्हणून आधी मी सांगते." ती संघमित्राकडे वळली. "चुकले मी. तू पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतीस."

त्यानंतर काकांना दुसरा रस्ताच उरला नाही. त्यांनी खाली बघत, मोठ्याने, संघमित्राची नाव घेऊन माफी मागितली. अभयनेही मागितली. सत्यभामाबाई म्हणाल्या की आयुष्यभर चित्रकला शिकवली, पण कागद वाचणारी बोटं आज पाहिली, आणि त्यांनी चौघांच्या पाठीवर थाप मारली. रोहनच्या पाठीवर दोनदा, कारण ओलं टेबल त्याने वाचवलं होतं हे नौमान तोवर प्रत्येकाला सांगून मोकळा झाला होता. लोकांना वाटलं, आता झालं. सामोशांकडे हात जायला लागले.

"आणि वाघ?" संघमित्रा म्हणाली.

अभयने हात पसरले. वाघ बाहेर निघू शकत नव्हता. रेझिनचं तसंच असतं.

"तुम्ही मला विचारलं असतं ना, तर मी छाप आणले असते. तुम्हाला बघू दिले असते, फोटो काढू दिले असते. काही दिलेही असते, अदलाबदलीत. पण तुम्ही विचारलंच नाही. मी लहान आहे म्हणून विचारलं नाही." तिने टेबलावर तळहात ठेवला. "वाघ माझा आहे. तो टेबलात आहे. म्हणजे टेबल माझं."

"अगं, टेबल कसं देऊ? उद्यापासून गिऱ्हाईक बसणार—"

"दे," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"दे," मागून आणखी कोणीतरी म्हणालं. मग बरेच जण म्हणाले.

तर त्या संध्याकाळी सीवूड्सच्या रस्त्यावरून एक गोल टेबल निघालं. एका बाजूला अभय, दुसऱ्या बाजूला सफारीतले चंद्रशेखर काका, पुढे संघमित्रा, आरिफा आणि नौमान वाट करून देत, मागे रोहन, आणि सगळ्यांच्या मागून आई, हातांची घडी घालून. रिक्षावाल्यांनी रिक्षा थांबवल्या. सोसायटीत आल्यावर समजलं की टेबल लिफ्टमध्ये मावत नाही. आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं, नाही म्हणजे नाही. संघमित्राचं घर सहाव्या मजल्यावर होतं.

"जिन्याने," ती म्हणाली.

पहिल्या मजल्यावर दार उघडलं आणि शेजाऱ्यांनी विचारलं, काय हो सेक्रेटरीसाहेब, कसलं टेबल? काका म्हणाले, काही नाही, जरा मदत करतोय. संघमित्रा वरच्या पायरीवर थांबली. टेबल थांबलं. काकांच्या हातांना रग लागली.

"खरं सांगा, काका. मग पुढे जाऊ."

काकांनी खरं सांगितलं. टेबल हललं. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा दार उघडलं आणि काकांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यावर दोन दारं उघडली. चौथ्यावर लोक आधीच बाहेर येऊन उभे होते. पाचव्यापर्यंत काकांचं सांगणं इतकं सरावाचं झालं होतं, की 'न विचारता घेतलं' हे शब्दही न अडखळता यायला लागले, आणि धाप लागलेल्या अभयला मधेमधे 'मीसुद्धा' एवढंच म्हणावं लागत होतं.

सहाव्या मजल्याच्या वळणावर टेबलाची कड भिंतीला घासणार, एवढ्यात संघमित्राने हात मध्ये घातला.

"हळू, काका," ती म्हणाली. "आत माझा वाघ आहे."